एकाच घरातला उन्हाळा: तान्ह्या बाळापासून आजी-आजोबांपर्यंत कोणाला कसं जपायचं

उन्हाळ्याचे सल्ले दरवर्षी तेच असतात. भरपूर पाणी प्या, दुपारी बाहेर पडू नका, सैल सुती कपडे घाला. त्यात चूक काही नाही. पण हे सल्ले ज्याला उद्देशून दिलेले असतात त्याला तहान लागते, ती सांगता येते, उठून माठापर्यंत जाता येतं आणि दुपारी घरी बसणं परवडतं. असा माणूस सहसा निभावून नेतो. ऊन बाधतं ते चार महिन्यांच्या बाळाला, तहानेची जाणीवच मंदावलेल्या आजीला, बाहेर संडासाची सोय नाही म्हणून पाणी टाळणाऱ्या बाईला आणि मुकादमासमोर ‘चक्कर येतेय’ म्हणायला लाजणाऱ्या नव्या पोराला. तेव्हा मार्च लागला की घरातल्या माणसांची एकदा मनातल्या मनात हजेरी घ्या. त्रास झाला तरी तोंडाने न सांगणारं आपल्याकडे कोण आहे? पुढची तयारी त्या माणसाभोवती करायची.

आधी तापमानाचा आकडा वाचायला शिका

हवामान खातं जे तापमान सांगतं ते सावलीतलं असतं. झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर ठेवलेल्या तापमापकाचं. म्हणजे आमच्या अकोल्यात ‘आज ४४’ असं पेपरात आलं, तर दुपारी डांबरी रस्त्यावर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये अंगाला त्याहून बरंच जास्त सोसावं लागतं.

उष्णतेची लाट कधी म्हणायची याचे हवामान खात्याचे निकष आहेत. कमाल तापमान मैदानी भागात निदान ४०, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंशांपर्यंत पोचायला हवं आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवं. पारा ४५ ला गेला तर सरासरी न बघताही लाट, ४७ ला गेला तर तीव्र लाट. किनारपट्टीसाठी आकडा कमी का, हे कळलं की अर्धा उन्हाळा कळला. आपलं शरीर थंड होतं ते घाम सुकल्यामुळे, नुसता घाम आल्यामुळे नव्हे. विदर्भात हवा कोरडी, घाम लगेच सुकतो. मुंबई, रायगड, रत्नागिरीकडे हवेतच इतकी वाफ असते की घाम अंगावर ओघळत राहतो आणि आतली उष्णता आतच राहते. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात तासन्तास उन्हात बसलेल्या दहाहून अधिक लोकांचा जीव गेला. त्या दिवशी पारा ४० च्याही खाली होता. विदर्भातल्या माणसाला ‘अडतीसच तर होतं’ असं वाटेल, पण समुद्राकाठचं अडतीस वेगळं.

अंदाज बघायला हवामान खात्याचं ‘मौसम’ ॲप पुरेसं आहे. पिवळा, नारिंगी, लाल या इशाऱ्यांपैकी नारिंगी दिसला की दुपारची कामं सकाळवर ढकला. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या आकड्यांच्या मागे मात्र लागू नका. मे २०२४ मध्ये नागपुरात ५६ अंशांची नोंद झाल्याची बातमी देशभर फिरली. नंतर हवामान खात्याने सांगितलं, त्या स्वयंचलित केंद्राच्या सेन्सरमध्येच बिघाड होता.

घर: दिवसा मिटायचं, रात्री उघडायचं

कोरड्या उष्णतेच्या भागात सोपा नियम असा: बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम झाली की खिडक्या मिटायच्या. एप्रिल-मेमध्ये ही वेळ सकाळी आठ-नऊलाच येते. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून काही लावता आलं तर फरक जास्त पडतो. हिरवी शेडनेट, बांबूची चटई, जुनी सतरंजी, काहीही चालेल. ऊन काचेवर पडायच्या आधी अडलं पाहिजे. दिवेलागणीनंतर सगळं सताड उघडा.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा खरा शत्रू स्लॅब. तो दिवसभर तापतो आणि रात्री दोन-तीनपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. गच्चीला चुन्याचे किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचे दोन हात मारले तर खोलीतलं तापमान काही अंशांनी उतरतं. हा खर्च एसीपेक्षा कितीतरी कमी, आणि तरी लोक तो टाळतात हे मला आजवर उमगलेलं नाही. पत्र्याच्या घरावर तुराट्या-पऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या आणि कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, थर टाकण्याची आपली पद्धत उत्तम आहे. फक्त त्याखाली चूल पेटत असेल किंवा जवळून विजेची तार जात असेल तर नको.

पंखा ४० अंशांपर्यंत उपयोगी. त्याच्या वर तो गरम हवाच अंगावर फेकतो, मग अंग ओलं असेल तरच त्याचा फायदा. म्हणून भर दुपारी पंख्याखाली बसताना ओला पंचा खांद्यावर आणि मानेवर असू द्या.

आता कूलर. यावर थोडं जास्त लिहितो, कारण विदर्भ-मराठवाड्यात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात आणि त्यात पाणी भरायला गेलेली बाई किंवा खेळता खेळता हात लावलेलं मूल असतं. कारण साधं आहे. लोखंडी पेटी, आत पाण्यात बुडालेला पंप, पंपाची जुनी वायर कुठेतरी सोललेली, घरात अर्थिंगचा पत्ता नाही, आणि खाली सांडलेल्या पाण्यात अनवाणी पाय. गेल्या वर्षी चालला होता म्हणून यंदाही चालेल, असं धरून चालू नका. माळ्यावरून कूलर काढला की पुढची कामं करा.

इलेक्ट्रिशियन बोलावून पंप आणि मोटरची वायर तपासून घ्या. जिथे चिकटपट्टी गुंडाळलेली असेल ती वायर बदला, पुन्हा गुंडाळू नका. तीन पिनांचाच प्लग हवा, आणि ज्या सॉकेटला तो लावणार त्याला अर्थिंग खरोखर आहे का ते तपासून घ्या. तिसरं भोक असणं म्हणजे अर्थिंग असणं नव्हे. घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळायला लागला की तो क्षणात वीज तोडतो. आणि घरात सगळ्यांसाठी एकच कायदा: पाणी भरायचं तर आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग पायात चप्पल, मग पाणी. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही, कारण वायरिंग उलटं झालेलं असेल तर बटण बंद असूनही आत करंट राहतो. कोणाला शॉक लागलाच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा.

कूलर लावताना समोरची किंवा शेजारची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात खोलीचं न्हाणीघर होतं. वाळ्याच्या ताट्यांना वास छान, पण क्षारांनी बुजल्या की त्या हवा अडवतात. दर हंगामाला बदला. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून, कडा घासून भरा, कारण डेंग्यूचा डास नेमका अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो. आणि मुंबई-कोकणात कूलर घेऊ नका. दमट हवेत तो आणखी ओल घालतो, बाकी काही नाही.

रात्री अंगणात किंवा गच्चीवर झोपत असाल तर खाट वापरा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि तिचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही. पहाटे कोणी उगाच पोट दुखतं, पापण्या जड झाल्या म्हणू लागलं तर घरगुती उपाय करत न बसता थेट सरकारी रुग्णालय गाठा.

पाणी: किती, कोणतं आणि कशासोबत

लिटरचे हिशेब ठेवणं कोणाला जमत नाही. लघवीचा रंग बघा. फिकट गवती म्हणजे ठीक, गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडतंय, चहासारखी म्हणजे आता थांबून सावलीत बसा. बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर हा हिशेब चुकतो, कारण तिनेच रंग पिवळाजर्द होतो.

घरात बसणाऱ्याला दिवसाला अडीच-तीन लिटर होतात. उन्हात राबणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला घ्यावा, तहानेची वाट न बघता. मात्र तासाला दीड लिटरच्या वर नुसतं पाणी ढोसू नये. घामातून मीठ गेलेलं असताना साधं पाणी फार झालं की रक्तातलं सोडियम घसरतं, डोकं दुखतं, उलट्या होतात आणि ते ऊन लागल्यासारखंच दिसतं. म्हणून मीठ घातलेलं काहीतरी मध्ये मध्ये हवंच. ताक, मीठ घातलेलं कैरीचं पन्हं, कोकम सरबत, ज्वारीची किंवा नाचणीची आंबील: आपल्या आज्यांनी हे बाकी कशासाठी नाही तरी यासाठी नक्की करून ठेवलं. पन्ह्यात गूळ आपण हात सैल सोडून घालतो, तो निम्मा करा आणि मीठ जिभेला कळेल इतकं घाला. मधुमेह असेल तर ताक बरं. रक्तदाब असेल तर मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

जुलाब-उलट्या झाल्या किंवा घाम फार गेला तर ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी. अख्खं पाकीट एकदम, पाकिटावर लिहिलंय तितक्याच, म्हणजे बहुतेक वेळा एक लिटर, पाण्यात. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासभर पाण्यात, हे करू नका. दाट ओआरएसने लहान मुलांचे जुलाब वाढतात. केलेलं पाणी २४ तासांनी फेकायचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे सपाट. मिठाचं प्रमाण चुकण्यापेक्षा ते पाणी न केलेलं बरं. दुकानात ओआरएस असं नाव मिरवणारी गोड पेयं मिळत असत, त्यात साखरच जास्त. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला मनाई केली. औषधाच्या दुकानात जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट मागा, ते स्वस्तही असतं.

पाणी कुठलं, हाही प्रश्न आहे. टँकरचं किंवा तळ गाठलेल्या विहिरीचं पाणी आलं की गावात गॅस्ट्रो आणि कावीळ मागोमाग येतात. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. गाळून, उकळून प्या, नाहीतर मेडिक्लोर हे क्लोरीनचं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबा. रसवंतीवर रस बिनबर्फाचा मागा. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून त्यात निळा रंग घालायचा नियम आहे. गोळ्याच्या गाडीवर निळसर लादी दिसली तर पोरांना तिथून हलवा. लग्नाच्या पंगतीत दुपारी दोननंतर उरलेलं श्रीखंड, बासुंदी, पनीर यांच्या वाट्याला जाऊ नका. वाढपी रागावला तरी चालेल.

तान्हं बाळ

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नाही. कितीही ऊन असो. आईच्या दुधात पाणीच जास्त असतं. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा मागेल, तेव्हा पाजायचं, आणि पाणी पाजायचं ते आईला. साखरपाणी, ग्राइपवॉटर, गुटी उगाळून, यातलं काही नको. घरातली वडीलधारी माणसं इथे हमखास म्हणतात, ‘आम्ही नाही का तुम्हाला पाजलं?’ त्यावर वाद घालू नये, बाळाला घेऊन आतल्या खोलीत जावं.

बाळाला पुरेसं मिळतंय का, हे दिवसभरात किती लंगोट ओले झाले यावरून कळतं. सहाच्या खाली गेले, टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही किंवा बाळ मलूल पडून दूध ओढेना, तर त्याच दिवशी डॉक्टर. दुपटं, टोपडं, मोजे हे सगळं थंडीचं. उन्हाळ्यात एक झबलं पुरे, घरात नुसता लंगोटही चालतो. घामोळ्यांवर पावडरीचा थर देऊ नका. ती बाळाच्या श्वासात जाते आणि ओली होऊन चिकटते. साध्या पाण्याने अंग पुसा, कोरडं करा, मोकळं ठेवा. बाबागाडीवर किंवा झोळीवर ऊन लागू नये म्हणून जाड कापड टाकतात, त्याने आत हवाच खेळत नाही. सावली द्या, पण हवा सोडून.

शाळकरी मुलं: उन्हापेक्षा पाणी धोक्याचं

मुलं तहान विसरतात, पण एकदा सांगून ऐकतात. खेळ सकाळी साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढं बंधन पाळलं आणि खेळायला जाताना व आल्यावर पेलाभर पाणी दिलं की निम्मं काम होतं. उरलेल्या वेळात त्यांना कंटाळू द्या.

सुट्टीतला मोठा धोका वेगळाच आहे. विहीर, कालवा, खाण आणि शेततळं. त्यातही शेततळं फसवं. वरून उथळ दिसतं, कडा उतरत्या असतात, म्हणून मुलांना वाटतं की काठाकाठाने उतरू. पण आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावर शेवाळ धरलेलं असतं आणि पाय एकदा घसरला की धरायला काहीच नसतं. पट्टीचा पोहणारासुद्धा ओल्या प्लास्टिकवरून वर चढू शकत नाही. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात, अशा बातम्या आपण दर मे महिन्यात वाचतो.

ज्यांच्या शेतात तळं आहे त्यांनी भोवती जाळीचं कुंपण करून दाराला कुलूप लावावं. चारही बाजूंना खुंटीला बांधलेला, गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवावा. हवा भरलेली एक जुनी ट्यूब दोर बांधून काठावर असावी. आणि मुलांना शिकवायचं ते हे: मित्र बुडत असेल तर उडी मारायची नाही. दोर, ओढणी, बांबू, काहीही टाकायचं आणि ओरडायचं. पोहायला शिकवायचं तर मोठ्या माणसाने पाण्यात सोबत उतरावं. काठावर मोबाइल बघत बसलेला काका सोबतीत धरू नये.

उभ्या कारमध्ये मुलाला ‘दोन मिनिटांसाठी’ ठेवू नका. उन्हातल्या बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच दहा अंशांनी तापमान वाढतं, काच बोटभर उघडी असली तरी. दारातली गाडीही कुलूपबंद असू द्या, कारण लपंडाव खेळताना मुलं आत शिरतात आणि मागचं दार आतून उघडत नाही.

कामाला जाणारी माणसं

शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर आणि जास्त यायला लागतो, त्यातून मीठ कमी जायला लागतं. सवय झालेला माणूस आठवडाभर गारव्यात राहून आला तर ती उतरायलाही लागते. म्हणून बांधकामावर, वीटभट्टीवर, डिलिव्हरीच्या कामावर सर्वांत जास्त धोका पहिल्या काही दिवसांत. नवीन माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या भागाइतकंच काम उन्हात द्यावं आणि रोज तितकंच वाढवत न्यावं. ठेकेदाराला हे पटवणं अवघड, पण चक्कर येऊन पडलेल्या माणसाचा खाडा त्याहून महाग पडतो, असं सांगितलं की कधी कधी पटतं. पुण्या-मुंबईहून मे महिन्यात विदर्भात लग्नाला येणाऱ्यांनाही हेच लागू. भर दुपारच्या वरातीत नाचायचा हट्ट पहिल्याच दिवशी नको.

बाहेर पडताना डोकं, कान आणि मान झाकणारा दुपट्टा आमच्याकडे सगळेच बांधतात. तो ओला करून बांधला तर आणखी चांगलं. खिशातल्या कांद्याने ऊन अडत नाही. ठेवायचा तर ठेवा, भाकरीसोबत खाता येईल.

कामावरच्या बायकांचं दुखणं निराळं. संडासाची सोय नसते, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि मग लघवीची जळजळ, मूतखडा, चक्कर हे सगळं ओढवतं. इथे ‘जास्त पाणी प्या’ हा सल्ला कुचकामी आहे. कामाच्या जागी आडोशाची, पाण्याची सोय करणं हाच उपाय, आणि ती मालकाची जबाबदारी आहे. बचत गटाने किंवा मजुरांच्या टोळीने मिळून ती मागितली तर मिळण्याची शक्यता वाढते. गरोदर बाईने उन्हातलं काम शक्य तेवढं टाळावं. अति उष्णतेत दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. पोट आवळून आल्यासारखं वाटणं, बाळाची हालचाल मंदावणं, पाय अचानक सुजणं याला ‘उन्हाने होतंय’ म्हणून सोडून देऊ नका.

शेतात काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर अवकाळीचे ढग येतात आणि वीज पडते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजेचा इशारा देतं. झाडाखाली थांबू नका, बैलांना झाडाला बांधू नका, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा.

आजी-आजोबा

‘आई, पाणी प्यायलीस का?’ ‘हो गं, मघाशीच.’ हा संवाद प्रत्येक घरात होतो. ते ‘मघाशी’ म्हणजे सकाळी सातला गोळीबरोबर घेतलेला अर्धा पेला असू शकतो. त्या खोटं बोलत नाहीत. वयाबरोबर तहानेची जाणीवच बोथट होते, घामही कमी येतो, आणि रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी मुद्दाम टाळलं जातं. म्हणून विचारायचं सोडा आणि भांडं बघा. सकाळी त्यांच्या उशाशी पाण्याचा झाकणवाला एक ठरावीक जग भरून ठेवा. दुपारी जेवणाच्या वेळी तो निम्म्यावर यायला हवा, पाच वाजेपर्यंत रिकामा. संध्याकाळनंतर थोडं कमी चालेल, म्हणजे रात्रीची झोपही मोडत नाही आणि अंधारात पडण्याची भीतीही राहत नाही. पाणी जात नसेल तर ताक, पातळ वरण, कलिंगडाच्या फोडी, ताडगोळे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर जग केवढा ठेवायचा ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

उन्हाळा सुरू होतानाच औषधांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे एक चक्कर मारा. लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, झोपेची आणि मनोविकाराची काही औषधं यांनी शरीराची उष्णता सोसायची ताकद कमी होते किंवा पाणी लवकर कमी पडतं. यातली कोणतीही गोळी मनाने बंद करायची नाही; डॉक्टर लागलं तर मात्रा बदलतील. इन्सुलिन वापरणाऱ्यांनी वापरात नसलेल्या बाटल्या फ्रिजच्या दारात नव्हे, आतल्या कप्प्यात ठेवाव्या. वापरातली बाटली साधारण ३० अंशांच्या आत ठेवावी लागते, आणि मेमधली आपली खोली त्याहून गरम असते. फ्रिज नसेल तर मातीच्या मडक्यात दुसरं लहान मडकं, मधल्या जागेत ओली वाळू आणि आतल्या मडक्यात डबीत बाटली, ही सोय कोरड्या हवेत चांगली चालते.

म्हाताऱ्या माणसाला ऊन घरात बसूनही लागतं. बंद खोली, बिघडलेला कूलर, वीज गेलेली आणि सांगायला कोणी नाही. पहिली खूण ताप नसते, वागण्यातला बदल असतो. रोज बडबडणारे आजोबा गप्प आहेत, नाव चुकतंय, चहा पुढे ठेवला तरी हात जात नाही, उठताना तोल जातोय. ‘वयामुळे होतंय’ म्हणण्याआधी हात लावून बघा. एकट्या राहणाऱ्या आईवडिलांना लाटेच्या दिवसांत दोनदा फोन करा, एक सकाळी आणि एक दुपारी चारच्या सुमारास. शेजारच्या एखाद्या घरी किल्ली आणि तुमचा नंबर देऊन ठेवा.

ऊन लागलंच तर

पोटऱ्यांत गोळे येणं, मळमळ, डोकं दुखणं, भरपूर घाम आणि गळून जाणं, इथवर माणूस शुद्धीवर आणि बोलण्यात ठीक असेल तर सावलीत झोपवा, पाय थोडे वर, कपडे सैल, अंगावर पाणी आणि घोटाघोटाने ओआरएस. अर्ध्या-पाऊण तासात बरं वाटायला हवं. नाही वाटलं तर दवाखाना.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, भांडायला लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली आणि अंग भाजतंय, तर तो उष्माघात आहे. शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं. अंग कोरडंच असेल असं नाही. राबताना कोसळलेल्याला घाम असू शकतो. इथून पुढे प्रत्येक मिनिट मोलाचं.

१. एकाने १०८ ला फोन करायचा, बाकीच्यांनी तोवर थांबायचं नाही. आधी थंड करा, मग हलवा. रुग्णवाहिकेची वाट बघत कोरडा झोपवलेला माणूस हातातून जातो.

२. सावलीत आणा, वरचे कपडे काढा. लाज आत्ता महत्त्वाची नाही.

३. अंगभर पाणी ओता आणि वारा घाला. ओली चादर, पुठ्ठा, पंखा, जे असेल ते. चादर गरम झाली की पुन्हा भिजवा. शेतात असाल तर फवारणीचा नव्हे, पिण्याच्या पाण्याचा कॅन वापरा, किंवा मोटर चालू करून पाइपने पाणी सोडा. धडधाकट तरुण असेल तर मान धरून हौदात किंवा टबात गळ्यापर्यंत बसवणं सर्वांत जलद.

४. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून मानेला, काखेत आणि जांघेत.

५. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नका. कुशीवर वळवा, श्वास बघत राहा.

६. तापाची गोळी देऊ नका. हा ताप आजाराचा नाही, गोळीने उतरत नाही आणि यकृताला त्रास होऊ शकतो.

७. गाडीने नेत असाल तर गाडीतही पाणी मारणं आणि वारा घालणं चालू ठेवा.

दवाखान्यातून घरी आलेल्याला आठवडाभर तरी उन्हात पाठवू नका. एकदा ऊन लागलेल्या शरीराला ते काही आठवडे लवकर लागतं.

जूनचे पहिले दिवस

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपला, मृग लागला, दोन सरी पडल्या की सगळे निर्धास्त होतात. पारा ३८ वर आलेला असतो, पण हवेत ओल भरलेली असते आणि घाम सुकत नाही. विदर्भाला हे आठ-पंधरा दिवस कोकणासारखे जातात. कूलर नुसता आवाज करतो. आजींचा पाण्याचा जग आणि मजुरांची दुपारची सुट्टी पाऊस स्थिरावेपर्यंत चालू ठेवा. मग कूलरचा प्लग काढा, टाकी रिकामी करा, आतल्या कडा काथ्याने घासून उन्हात कोरड्या करा. डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या टाकीतही महिनोन्‌महिने टिकतात आणि पुढच्या पाण्यात फुटतात. ताट्या फेका, वायर गुंडाळून वर बांधा, आणि जिथे ती सोललेली दिसली तिथे खडूने खूण करून ठेवा, म्हणजे पुढच्या मार्चमध्ये इलेक्ट्रिशियनला नेमकं दाखवता येईल.